मेंढ्यांच्या पाण्याचा खरा पत्ता

समासताईंच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असे, "समास किती?" नाव नंतर, विषय त्याहून नंतर, आणि विषय सांगितलाच नाही तरी त्यांचं काही अडत नसे. कागदाच्या चारही कडांना किती जागा मोकळी सोडायची हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मधल्या जागेत काय दिवे लावले असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. त्या प्रश्नावरूनच त्यांचं नाव पडलं, आणि मूळ नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सवाला आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधोमध त्यांची दहा बाय बाराची खोली. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेबलपंखा, आणि कोपऱ्यात कापड पांघरून बसवलेला जुना टाइपरायटर, घरातल्या रिटायर माणसासारखा. एकोणतीस वर्षांत शंभरावर थिसिस आणि त्याच्या कितीतरी पट लेख त्यांच्या हातून गेले होते. हातून म्हणजे अक्षरशः हातून. डोक्यातून किती गेले, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचा खरा हातखंडा मात्र जर्नलला लेख पाठवण्याचा. प्रत्येक जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' असतात. अक्षराचा आकार केवढा, दोन ओळींत अंतर किती, तक्ते मधे घालायचे की शेवटी, सारांश किती शब्दांचा, संदर्भात आधी वर्ष की आधी नाव. या सूचना लेखक सोडून सगळ्यांसाठी असतात, कारण लेखक त्या कधी वाचत नाहीत. समासताई वाचत. छापून, स्पायरल घालून, लाल पेन्सिलीने एकेका ओळीपुढे खूण करत.

"ताई, यांच्या सूचना अकरा पानांच्या आणि माझा लेख नऊ पानांचा," एकदा एक प्राध्यापक कुरकुरले.

"सूचना पाळल्यात की लेखही अकरा पानांचा होईल, सर. बसा."

आणखी एक सोय त्यांच्याकडे होती, जी आसपासच्या कुठल्याच दुकानात नव्हती. कॉम्प्युटरवर त्यांची एक फाइल होती, 'नेहमीचे संदर्भ'. ज्या विषयात जे संदर्भ सगळेच देतात, ते तिथे तयार. संशोधक यायचा, म्हणायचा, "ताई, तो पाण्याचा टाका ना, सगळे टाकतात तो," आणि ताई एका झटक्यात टाकून मोकळ्या. जेवणाबरोबर मीठ द्यावं तसं. त्याचे पैसे नाहीत, आभार नाहीत.

सगळं गाडं असं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी शंकासूर आली.

हे नाव तिला तिच्या गाइडने दिलेलं. तिशीची, विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवर पाच वर्षं काम करणारी, आणि दर वाक्यामागे "पण कशावरून?" विचारणारी बाई. गाइड तिला वैतागलेला, आणि समासताईंना ती मनातून आवडायची, पण तसं दाखवलं तर डोक्यावर बसेल म्हणून त्या दाखवत नसत.

"ताई, माझा तेविसावा संदर्भ बघा."

"मेंढ्यांचा ना? 'मेंढ्यांना पाजण्याच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण', खंड चौदा, पानं दोनशे अकरा ते दोनशे एकोणीस." ताईंनी मान वर न करता म्हणून दाखवलं.

"पाठ आहे तुम्हाला?"

"पाठ कशाला, बोटांना येतो. फाइलमधला आहे."

"मग बोटांनाच विचारा," शंकासुराने फोन पुढे धरला, "की तिथे खुरांचे रोग कसे?"

तिने म्हणे तो चौदावा खंड शोधायला तीन लायब्रऱ्या पालथ्या घातल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी तळघरात मिळाला. दोनशे अकराव्या पानापासून त्याच लेखकाचा लेख होता खरा, पण 'मेंढ्यांना होणारे खुरांचे रोग' या विषयावर. सडलेल्या खुरांची चित्रं होती. पाण्याचा थेंबही नव्हता.

"तुझ्या गाइडला विचार," ताई म्हणाल्या.

"विचारलं. ते म्हणाले, सगळे देतात, तूही दे."

"मग?"

"मग काय? नसलेला लेख कसा देऊ? आणि ताई, सगळ्यांनी तो लेख वाचलाय म्हणे. कुठे वाचला? स्वप्नात?"

हा संदर्भ देणाऱ्या लेखांची आपल्याला सापडलेली यादी टेबलावर ठेवून ती गेली. ताईंनी हातातला लेख पुढे टाइप करायला घेतला, पण बोटं चालेनात. बोटांना येतो, हे त्या सहज बोलून गेल्या होत्या. आता तेच वाक्य दातात अडकल्यासारखं झालं. बोटांना आला कुठून?

दुकान सुरू केल्याच्या पहिल्या वर्षी त्या प्रत्येक कामाची कार्बन कॉपी जपून ठेवत. नव्याची नवलाई. तो गठ्ठा माळ्यावर होता. स्टुलावर चढून त्यांनी तो उतरवला, धूळ झटकली, शिंका दिल्या, आणि अर्ध्या तासात कागद सापडला. दुकानाला चार महिने झाले असतील तेव्हाचं काम, कॉलेजातल्या क्षारांच्या सरांचा लेख. शेवटच्या पानावर निळसर अक्षरांत तोच संदर्भ, तस्साच. शंकासुराने आणलेल्या यादीत याच्या आधीचा एकही नव्हता. म्हणजे झऱ्याचं मूळ इथे, त्यांच्याच टाइपरायटरखाली.

सर आता ऐंशीच्या पुढचे. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहत, भिंग लावून पेपर वाचत आणि पेपरातल्या आकड्यांशी भांडत. दुसऱ्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवून ताई ती कार्बन कॉपी घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"सर, तुमच्या त्या लेखाची हस्तलिखित प्रत आहे?"

"माझ्याकडे सगळं आहे. सूनबाई म्हणते, मी सोडून बाकी सगळं रद्दीत घालता येईल."

दोरीने बांधलेल्या चळतीतून प्रत निघाली. सरांचं अक्षर बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखं. शेवटच्या पानावर दोन संदर्भ एकाखाली एक होते. वरचा: 'मेंढ्यांना पाजण्याच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण', खंड नऊ, पाने सत्त्याऐंशी ते चौऱ्याण्णव. खालचा: 'मेंढ्यांना होणारे खुरांचे रोग', खंड चौदा, पाने दोनशे अकरा ते दोनशे एकोणीस. लेखक तोच, सुरुवात तीच.

समासताईंना पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. टाइप करणाऱ्याची नजर डावीकडच्या कागदावर, मग यंत्रावर, मग पुन्हा कागदावर. परत येताना ती त्याच ओळीवर उतरेल असं नाही. शेजारी जुळ्या तोंडाच्या दोन ओळी असल्या, तर वरच्या दारातून निघालेली बाई खालच्या दारातून घरात शिरते. नाव वरच्या लेखाचं, पत्ता खालच्या लेखाचा, आणि खालचा लेख कायमचा गायब. टायपिंगच्या परीक्षेत याला अर्धा गुण कापत. इथे कुणीच काही कापलं नव्हतं.

"माझी चूक आहे, सर."

सरांनी भिंगातून दोन्ही कागद पाहिले. बराच वेळ पाहिले. मग विचारलं, "प्रूफ कुणी वाचलं होतं?"

"तुम्ही."

"खाली सही कुणाची?"

"तुमची."

"मग चूक कुणाची?"

"माझी."

"हट्टी आहेस." सरांनी भिंग खाली ठेवलं. "किती जण गेले या पत्त्यावर?"

"गेलं कुणीच नाही, सर. गेले असते तर खुरं दिसली असती. नुसता पत्ता लिहून दिलाय सगळ्यांनी."

सर हसू लागले ते खोकला येईपर्यंत. "मेंढ्यांवरचा संदर्भ, आणि विद्वान एकामागे एक माना खाली घालून चालले. त्या बिचाऱ्या लेखकाने आयुष्यभर मेंढरं तपासली, पण एवढा मोठा कळप त्याने पाहिला नसेल."

"पण सर, पाण्याच्या लेखात खुरांचं काय काम होतं?"

"खाऱ्या चिखलात उभं राहून खुरं सडतात, बाळ. मी लिहिलंय लेखात. तू टाइप केलंयस."

हे मात्र ताईंना लागलं.

सरांचं म्हणणं, सोडून दे. एकोणतीस वर्षांनी कोण बघतंय? ताईंचं म्हणणं, एवढी वर्षं कुणी बघितलं नाही म्हणूनच तर हे झालं. शेवटी सर म्हणाले, "मी शुद्धिपत्र पाठवलं तर फक्त माझा लेख दुरुस्त होईल. बाकीच्यांचं काय? त्यांची यादी देऊन कुणीतरी टिपण लिहायला हवं. कुणीतरी म्हणजे तू."

"मी? मी बारावी, सर. पुढे टायपिंगच्या दोन परीक्षा."

"माझा लेख छापणाऱ्या जर्नलच्या सूचना तुला पाठ आहेत ना? लेखक किती शिकलेला असावा, कुठे लिहिलंय?"

ताईंनी मनातल्या मनात अकरा पानं उलटली. कुठेच नव्हतं. अक्षर केवढं असावं हे होतं, माणूस केवढा असावा हे नव्हतं.

आधी नववा खंड शोधून दोघींनी सत्त्याऐंशीव्या पानावर पाणी खरंच आहे याची खात्री केली. यादी करायला सात आठवडे लागले. शंकासूर लायब्ररीतून आणि इंटरनेटवरून लेख शोधून आणी, ताई एकेकाचं शेवटचं पान तपासत. सरांचा लेख सोडून चुकीचा पत्ता देणारे त्रेचाळीस निघाले. त्यातले एकोणीस याच दुकानात टाइप झालेले. एकोणीसच्या एकोणीस लोकांना तो संदर्भ ताईंनी स्वतः, आपल्या हाताने, 'नेहमीचे संदर्भ'मधून काढून दिला होता. पहिली चूक नजरेची होती, ती माफ करता आली असती. पुढच्या एकोणीस वेळा त्यांनी ती वाढली होती, तेही फुकट.

घरी ताईंनी सगळं सांगितलं तेव्हा त्यांचे यजमान मोजे वाळत घालत होते. बस डेपोत वेळापत्रकाचे फलक रंगवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही कुठलीही गोष्ट ते मिनिटांत मोजत.

"म्हणजे तू स्वतः छापून सांगणार, की माझ्या दुकानातून चुकीचा माल गेला?"

"हो."

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. अगं, उद्या लोक विचारतील, हिने आमच्या थिसिसमध्ये आणखी काय काय घुसडलंय?"

"विचारू देत ना. विचारायलाच हवं."

"दुकान बसेल."

"बसेल नाहीतर उभं राहील. पण माझ्या बोटांतून निघालेली ही गोष्ट माझ्याच हातून मिटली पाहिजे. मी मेल्यावर चव्वेचाळिसावा कुणीतरी ती टाकेल, तेव्हा मी काय वरून ओरडू?"

"वरूनही तू समासच विचारशील," यजमान म्हणाले आणि उरलेला मोजा झटकला. त्यांचा विरोध एवढाच असे, पण तो पुढे महिनाभर पुरवून पुरवून चाले.

लिहायला बसल्या तेव्हा नवीच आफत. आयुष्यात त्यांनी डावीकडे कागद असल्याशिवाय एक ओळ टाइप केली नव्हती. समोर पांढरा पडदा, डावीकडे रिकामा स्टँड, आणि बोटं बिनकामाच्या मजुरांसारखी हारीने बसलेली. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल घेतली, हाताने चार पानं खरडली, ती स्टँडला लावली, आणि गिऱ्हाइकाचं काम असल्यासारखं टाइप करायला सुरुवात केली. मग कुठे गाडी निघाली. मधेच त्या थांबल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुणाचं अक्षर आहे हे? कोंबडी फिरलीय कागदावर." शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला, तर दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

टिपणाला मर्यादा बाराशे शब्दांची. पहिला खर्डा एकतीसशे भरला. शंकासूर तो घेऊन बाकावर बसली आणि तिने पेन उघडलं.

"ताई, यात चार वेळा माफी मागितलीय."

"मग? चूक केली तर मागायला नको?"

"सूचनांत सारांश आहे, पद्धती आहे, निष्कर्ष आहे. माफी कुठल्या मथळ्याखाली घालू?"

"निष्कर्षात घाल."

"नाही बसत. शिवाय टाइपरायटर कुठल्या दुकानातून घेतला, त्या दिवशी पंखा बंद होता, हे कशाला?"

"वीज गेली होती म्हणून नजर घसरली असेल."

"पण कशावरून?"

ताईंनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि पंख्याचा परिच्छेद स्वतःच खोडला. शेवटी अकराशे ब्याण्णव शब्द उरले आणि प्रत्येकाला आधार होता. मेंढ्यांचं पाणी किती खारं चालतं, तो आकडा बरोबर की चूक, याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. "ते माझं काम नाही," त्या म्हणाल्या. "पत्ता चुकला होता, खरा पत्ता हा. घरात कोण राहतं ते ज्याने त्याने जाऊन बघावं."

मग सजावट. पहिलं पान वेगळं: शीर्षक, लेखकाचं नाव, पद, संस्था. पदापुढे 'टंकलेखिका', संस्थेपुढे दुकानाचं नाव. मुख्य फाइलमध्ये मात्र लेखक कोण याचा मागमूस नको, म्हणजे तपासणाऱ्या परीक्षकाला कळू नये की हे कुणाचं. त्यामुळे तिथे 'मी' लिहायची सोय नव्हती. त्यांनी लिहिलं, "टंकलेखिकेची नजर एक ओळ खाली घसरली." जणू कुठली दुसरीच बाई. वाचताना त्यांना त्या बाईची जरा दयाही आली.

पण पहिल्या पानावर तळाशी एक चौकट होती: हितसंबंधांचे निवेदन. या लेखात तुमचा काही वैयक्तिक संबंध गुंतला असल्यास सांगा. शेकडो लेखांत ताईंनी इथे न विचारता 'नाही' टाइप केलं होतं. लेखकांनाही ही चौकट असते हे ठाऊक नसे. आज बोट 'न'वर गेलं आणि तिथून परत आलं. त्यांनी लिहिलं: "लेखात उल्लेखलेली टंकलेखिका म्हणजे प्रस्तुत लेखिका. त्रेचाळीसपैकी एकोणीस लेखांत हा संदर्भ तिनेच पुरवला." अख्ख्या टिपणात त्यांचं म्हणून जे काही होतं, ते या दोन ओळींत होतं.

टिपण अपलोड झालं. तिसऱ्या दिवशी परत आलं.

कारण एका ओळीचं होतं: समास सूचनांनुसार नाहीत.

शंकासुराने ती ईमेल वाचली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. हसली असती तर परत या दुकानात पाय ठेवायची सोय नव्हती. ताई लाल पेन्सिल घेऊन आपल्या स्पायरलवर तुटून पडल्या. डावीकडे दीड इंच, बाकी एक. बरोबर होतं. पुन्हा मोजलं. बरोबर. मग त्यांनी जर्नलच्या वेबसाइटवर जाऊन सूचना उघडल्या, तर त्या बारा पानांच्या. गेल्याच महिन्यात नव्या आल्या होत्या. चारही बाजूंनी सव्वा इंच.

ताईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "बघ. त्रेचाळीस जणांना मी नावं ठेवते, आणि मी पण जुन्या कागदावरूनच उतरवलं. मूळ कुठे बघितलं?"

स्पायरल त्यांनी टराटरा फाडली नाही. कागद पाठकोरे होते. तार काढून, पानं उलटी लावून त्यांची कच्च्या कामाची वही केली, आणि नव्या बारा पानांची पहिल्या ओळीपासून खूण करत सुरुवात केली. तीन ठिकाणी आणखी बदल निघाले. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी टिपण पुन्हा गेलं, आणि या वेळी ते परत आलं नाही.

पाच महिने गेले. यजमान अधूनमधून विचारत, "तुझी बस आली का?" ताई म्हणत, "डेपोतून सुटलीय."

मग संपादकांचं पत्र आलं. दोन्ही परीक्षकांनी टिपण छापावं म्हटलं होतं. एकाने तर लिहिलं होतं, की हे वाचून मी माझे स्वतःचे जुने लेख काढून बसलो आणि माझी झोप उडाली. संपादकांचा मात्र सूर मऊ होता, आणि जर्नलचा संपादक मऊ बोलायला लागला की खिसा चाचपावा. दोन छोट्या सूचना आहेत, त्यांनी लिहिलं होतं. पहिली, त्रेचाळीस लेखांची यादी वगळून नुसतं 'अनेक लेखांत' म्हणावं; विनाकारण मनं दुखावतात. दुसरी, हितसंबंधांचं निवेदन फारच वैयक्तिक वाटतं. तिथे 'नाही' म्हणावं. एवढं केल्यास टिपण पुढच्याच अंकात.

यादीतला एकतिसावा लेख खुद्द संपादकांचा होता. ताईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मान्य कर," यजमान म्हणाले. "छापून तर येतंय. एवढी रखडपट्टी केलीस, आता नेमकी फाट्यावर उतरू नकोस."

"यादी काढली तर उरलं काय? 'अनेक लेखांत' म्हणजे कुणाच्याच नाही. प्रत्येक जण म्हणेल, शेजाऱ्याच्यात असेल."

"आणि ते निवेदन? ते काढलं तर तुझंच भलं आहे. दुकानाचं नाव राहील."

हे खरं होतं, आणि आयतं ताटात आलं होतं. एक शब्द टाइप करायचा, 'नाही', सवयीचा. टिपण छापलं जाईल, पत्ता सुधारेल, आणि घसरलेली ती टंकलेखिका कोण, हे कुणालाच कळणार नाही. ताईंनी दिवसभर विचार केला, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे तक्ते सरळ केले. चार वाजता सरांना फोन लावला.

"तुम्ही काय केलं असतं, सर?"

"मी? मी मान्य केलं असतं," सर म्हणाले. "प्रमोशन होतं ना आम्हाला. तुला कुठे आहे?"

फोन ठेवून ताईंनी नव्या सूचना उघडल्या आणि उत्तर लिहायला घेतलं. डावीकडच्या स्टँडला या वेळी सूचनाच होत्या.

"माननीय संपादक," त्यांनी लिहिलं. "आपल्या सूचनांमधील कलम सहा-दोन : संख्या सांगणाऱ्या प्रत्येक विधानाला तपासता येईल असा आधार द्यावा. त्रेचाळीस ही संख्या आहे आणि यादी हा तिचा आधार आहे. 'अनेक' असे लिहिल्यास ते या कलमात बसत नाही. कलम नऊ-चार : हितसंबंध लपवल्याचे आढळल्यास लेख मागे घेतला जाईल. माझा हितसंबंध आहे, तो मी सांगितला आहे. दोन्ही कलमे नव्या आवृत्तीतील आहेत. जुनी मी वापरत नाही. यादी किंवा निवेदन वगळायचे असल्यास टिपण कृपया परत पाठवावे. मी ते दुसऱ्या जर्नलला पाठवीन. त्यांचे समास मला माहीत आहेत. यादीतील कुठलाही लेख चुकून आला असल्यास तसे कळवावे, मी मूळ पान पाहून तो काढीन."

यजमानांनी खांद्यावरून वाचलं. "शेवटचं वाक्य टोचेल त्याला."

"टोचायला नाही लिहिलं. खरंच काढीन."

अकराव्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. यादी व निवेदन कायम. प्रूफ सोबत जोडले आहे, अठ्ठेचाळीस तासांत तपासून पाठवावे. मऊपणा कुठे नव्हता. ताईंना ते पत्र पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.

प्रूफ त्यांनी एकटीने वाचलं नाही. दुकानाच्या दारावर 'आज काम बंद' लावून त्यांनी यजमानांना समोर बसवलं. एकाच्या हातात प्रूफ, दुसऱ्याच्या हातात मूळ लेखांच्या पानांच्या प्रती. यजमान फलाटावर घोषणा करावी तसं एकेक नाव, खंड, पान मोठ्याने म्हणत आणि ताई मूळ पानावर बोट ठेवून "हं" म्हणत. "हं" आल्याशिवाय पुढची ओळ नाही. एकतिसाव्याला यजमान जरा जास्तच मोठ्याने ओरडले, तर ताईंनी डोळे वटारले, "सगळे सारख्या आवाजात." दुपारपर्यंत त्रेचाळीस झाले. दोन आकडे छापखान्याने उलटे लावले होते, ते धरले.

अंक आला तेव्हा टिपण पावणेदोन पानांचं होतं. पहिल्या पंधरवड्यात एकोणीसपैकी सात जणांचे फोन आले. दोघांनी आपलं चालू काम दुसऱ्या दुकानात नेलं. एकाने न सांगता, एकाने सांगून. यजमानांनी "मी म्हटलं होतं" म्हणायला तोंड उघडलं आणि ताईंच्या चेहऱ्याकडे पाहून जांभई दिली. 'नेहमीचे संदर्भ' ही फाइल त्यांनी पुसून टाकली होती, आणि मूळ पान दाखवल्याशिवाय संदर्भ टाइप होणार नाही, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली होती. गिऱ्हाइकं कुरकुरत, काही जात, काही लायब्ररीचा रस्ता विचारत. कॉलेजात सहा वर्षं काढलेल्या एकाने तो विचारला, तेव्हा ताईंनी दारात येऊन बोटाने दाखवला.

तिसऱ्या आठवड्यात यादीतले सतरावे आले. आता विभागप्रमुख, अंगावर कडक इस्त्री, हातात अंक गुंडाळलेला.

"ताई, हे काय आहे? माझं नाव यात कशाला? एवढी वर्षं तुमच्याकडे येतोय मी."

"म्हणूनच आहे, सर. तुम्ही आलात, मी दिला, तुम्ही घेतलात. दोघांचीही नावं आहेत त्यात. माझं खाली चौकटीत बघा."

"मला आधी विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

अंकाची गुंडाळी विभागप्रमुखांनी दुसऱ्या हातात घेतली.

"आता मी काय करायचं?"

"शुद्धिपत्र. सहा ओळींचं असतं. जर्नलकडे शुद्धिपत्राचे वेगळे समास आहेत, ते मी बघते. तुम्ही फक्त नववा खंड वाचून या, पान सत्त्याऐंशी ते चौऱ्याण्णव."

"वाचून?"

"आठच पानं आहेत, सर. शंकासुराने प्रत आपल्या लायब्ररीत आणून ठेवलीय. चौदा जण वाचून गेले, तुमच्यासाठी जागा धरून ठेवायला सांगू का?"

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं, रस्ता पाहिला, आणि लायब्ररी उघडी किती वाजेपर्यंत असते ते विचारलं. ताईंनी सांगितलं, खुर्ची ओढली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद स्टँडला लावला.